जुन्या मोटारीचा सातबारा

जमिनीचा व्यवहार करावयाचा झाला की आपल्याकडील निरक्षर शेतकरीदेखील प्रथम सातबाराचा उतारा मागतो. फेरफार पाहतो, इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा वा बँकेचा बोजा चढला आहे काय हे कोणाकडून तरी वाचून घेतो. दोन गुंठ्यांच्या प्लॉटसाठी वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणारी माणसे काही कमी नाहीत. तोच मनुष्य तीन-चार लाखांची जुनी मोटार घ्यावयास निघतो तेव्हा मात्र बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर किती झिजले आहेत ते पाहतो, ओळखीच्या मेकॅनिकला एक फेरी मारून आणावयास सांगतो आणि आर. सी. बुकाची झेरॉक्स खिशात घालून पैसे मोजतो. गाडीच्या प्रकृतीची तपासणी होते. तिच्यावर कोणाचे कर्ज आहे, ती किती हातांतून गेली, आणि समोरचा मनुष्य जी वस्तू विकतो आहे ती विकण्याचा त्याला अधिकार तरी आहे काय, याची चौकशी क्वचितच होते.

हा प्रश्न श्रीमंतांचा नाही. ज्याला नवी गाडी परवडते त्याला तो पडतच नाही. पगारदारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून किंवा भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन आयुष्यातील पहिली चारचाकी दारात आणणारा शिक्षक, लिपिक, पोस्टातील कर्मचारी हाच या बाजारातील खरा गिऱ्हाईक आहे. इंजिन खराब निघाले तर त्याचे तीस-चाळीस हजारांचे नुकसान होते. मालकीच सदोष निघाली तर सगळी रक्कम बुडते आणि पतसंस्थेचा हप्ता मात्र दरमहा पगारातून कापला जात राहतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जुन्या मोटारींचा बाजार परिचित आहे तो जॉर्ज ॲकरलॉफ यांच्या १९७० सालच्या निबंधामुळे. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना मध्यम प्रतीची किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक ती विकावयास तयार होत नाही. आणि अखेर बाजारात टाकाऊ मालच उरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तीन नियतकालिकांनी परत पाठविलेल्या या निबंधाने पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळवून दिला. निबंध लिहिण्याच्या सुमारास ॲकरलॉफ एक वर्ष दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि त्यात आपल्याकडचे सावकार व मॅनेजिंग एजन्सी तर आहेतच, पण बाजारातून आणलेल्या तांदळातील मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणारी भारतीय गृहिणीही आहे. खडे निवडण्याची ही उपमा मला मोटारीच्या दृष्टान्ताहून अधिक बोलकी वाटते.

परंतु येथे एक भेद करावयास हवा. गाडीच्या इंजिनाचे गुणदोष हे वापरल्यावाचून कळत नाहीत. ते अज्ञान स्वाभाविक आहे. गाडीच्या कायदेशीर इतिहासाचे तसे नाही. तिची पहिली नोंदणी, प्रत्येक हस्तांतर, प्रत्येक कर्ज, कर, दंड, चोरीची फिर्याद हे सारे कोणत्या ना कोणत्या दप्तरात लिहिलेले असते, आणि त्यातील बहुतेक दप्तरे सरकारची आहेत. म्हणजे जे अज्ञान ग्राहकाला भोवते ते निसर्गाने निर्माण केलेले नसून दप्तरे एकमेकांपासून व ग्राहकापासून दूर ठेवल्याने निर्माण झालेले आहे. बाजार अपुरा पडतो म्हणून शासनाने हस्तक्षेप करावा, असे आम्ही वर्गात शिकवितो. येथे बाजाराला जी माहिती हवी ती शासनाच्याच कपाटात आहे.

कायद्याची बाजू प्रथम पाहू. १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ तत्त्व असे, की जे स्वतःचे नाही ते कोणी दुसऱ्याला देऊ शकत नाही. अगदी थोडे अपवाद सोडले तर चोराकडून प्रामाणिकपणे, पूर्ण किंमत देऊन घेतलेली वस्तूही मूळ मालकाचीच राहते. अर्थात त्याच कायद्याने विकणाऱ्यावर बंधन घातले आहे, की आपणांस विक्रीचा अधिकार आहे आणि वस्तूवर न सांगितलेला बोजा नाही, ही हमी त्याने दिलीच असे धरले जाईल. ज्या इंग्रजी कायद्यावरून हा घेतला, त्याखाली १९२३ साली एक प्रसिद्ध निकाल झाला. चोरीची निघालेली मोटार सुमारे चार महिने वापरूनही खरेदीदाराला पूर्ण किंमत परत मिळाली. कारण त्याने पैसे दिले होते ते मालकीसाठी, आणि ती त्याला कधी मिळालीच नव्हती. विद्यार्थ्यांना हा निकाल फार आवडतो. व्यवहारात मात्र त्याचा उपयोग विकणारा सापडला तरच. आपल्याकडे तो सापडत नाही. आणि सापडला तर त्याच्यापाशी काही उरलेले नसते. तोवर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असते. जप्त वाहने अशी कुजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले आहे. कोणत्याही तालुक्याच्या ठाण्यावरून जाताना कुंपणाआड ओळीने गंजत पडलेल्या मोटारी पाहिल्या म्हणजे त्या आदेशाचे काय झाले ते समजते.

आता आर. सी. बुकाकडे वळू. (आता ते पुस्तक राहिले नसून कार्ड झाले आहे, पण लोकांच्या तोंडी बुकच आहे.) त्यावर नाव असणे म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः ती परिवहन खात्यापुरती नोंद आहे. पण या नोंदीचे परिणाम मात्र फार दूरवर जातात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ज्याच्या नावे नोंद तो मालक. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी एकोणतीस व तीस क्रमांकाचे नमुने आहेत. बाजारातील रूढी अशी, की विकणारा या नमुन्यांवर कोऱ्या सह्या करून ते दलालाच्या हवाली करतो व मोकळा होतो. दलाल गाडी पुढे विकतो, तो आणखी पुढे, आणि प्रत्येक जण हस्तांतराचा खर्च व कटकट पुढच्याच्या गळ्यात टाकतो.

मोकळा झालो, ही विकणाऱ्याची समजूतही भ्रमच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी २००७ साली विकली गेली होती. नंतर ती एकामागून एक आणखी काही जणांच्या हाती गेली आणि मे २००९ मध्ये तिने अपघात केला. सरकारी नोंद तोवर पहिल्याच मालकाच्या नावावर होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. अपघातग्रस्ताने विक्रीच्या साखळीमागे धावत सुटावे काय, हा न्यायालयाचा सवाल होता, आणि तो रास्त होता. जी गाडी दोन वर्षांत डोळ्यांनी पाहिली नाही तिच्यासाठी एका कुटुंबाला भरपाई देण्याची पाळी त्या मनुष्यावर आली.

घेणाऱ्याच्या नशिबी वेगळे दशावतार येतात. आमच्या महाविद्यालयातील एका लिपिकाने अशाच कोऱ्या सह्यांच्या कागदांवर गाडी घेतली. तो नोंद बदलावयास गेला तेव्हा नोंदणीकृत मालक मध्यंतरी वारल्याचे निष्पन्न झाले. आता वारसांनी प्रथम स्वतःच्या नावे नोंद करून घ्यावयाची आणि मग विक्रीची. वारस तिघे, त्यांत भांडण, आणि त्यांपैकी एकालाही या विक्रीचा पैसा मिळालेला नाही. दलालाने आपले काम झाल्याचे सांगून हात वर केले. आज ती गाडी सोसायटीत झाकून ठेवली आहे.

कर्जाचा बोजा हा त्यातल्या त्यात दिसणारा दोष, कारण तो कार्डावर नोंदलेला असतो. तरीही फसगत होते. कर्ज फिटले म्हणून नोंद आपोआप उतरत नाही. बँकेचे ना-हरकत पत्र व पस्तीस क्रमांकाचा नमुना परिवहन कार्यालयात दाखल करावा लागतो. तेव्हा ‘कर्ज केव्हाच फिटले, कागद तेवढा राहिला’ हे वाक्य खरेही असू शकते आणि शुद्ध थापही. ते पत्र विकणाऱ्याच्या हातून न घेता बँकेच्या शाखेत स्वतः जाऊन खातरजमा करावी, हे सांगावयास वकील लागत नाही.

न दिसणारा दोष अधिक घातक. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई व उपनगरांत असंख्य मोटारी छतापर्यंत बुडाल्या. विमा कंपन्या अशा गाड्या ‘टोटल लॉस’ ठरवून मालकाला पैसे देतात आणि सांगाडा लिलावात विकतात. तो धुऊन-पुसून, आसने बदलून पुन्हा बाजारात येतो. आपल्या नोंदणी कार्डावर त्याचा शेरा कोठेही उमटत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे अपघातात चक्काचूर झालेल्या गाडीचे कागद आणि चेसिस क्रमांक घेऊन त्याच जातीच्या चोरलेल्या गाडीवर चढविणे. पोलिसांनी वेळोवेळी पकडलेल्या टोळ्यांची ही ठरलेली रीत आहे. येथे कागद अस्सल आणि गाडी मात्र दुसऱ्याची असते. वाहन कायमचे निकामी झाले तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, असे कायदा सांगतो. सांगाड्याला त्याच्या कागदांमुळेच भाव येत असेल, तर हे कोण कळविणार?

इतर देशांनी यावर काय केले? अमेरिकेने १९९२ साली मोटारचोरीविरोधी कायदा करून सर्व राज्यांच्या मालकी-नोंदी, मोडीत निघालेल्या गाड्या आणि विम्याने निकाली काढलेली वाहने एका राष्ट्रीय माहितीसाठ्यात आणण्याची तरतूद केली. मोडीत निघालेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्काच बसतो. इंग्लंडमध्ये विमा कंपन्या अशा गाड्यांची प्रतवारी करतात. शिवाय तेथे १९६४ च्या कायद्याने, भाडेखरेदीवरची गाडी अजाणतेपणी विकत घेणाऱ्या खाजगी ग्राहकाला संरक्षण दिले आणि नुकसान वित्तसंस्थेवर टाकले. ही तरतूद मला विशेष अर्थपूर्ण वाटते. चौकशीचा खर्च ज्याला सर्वांत कमी पडतो त्याने तो सोसावा, असा त्यामागचा विचार आहे, आणि पतसंस्थेच्या कर्जदारापेक्षा वित्तसंस्थेला तो निश्चितच कमी पडतो.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदपटावर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विमा व योग्यता प्रमाणपत्राची मुदत, कर्ज देणाऱ्याचे नाव कळते. गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे काय, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेतून पाहता येते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम दुरुस्त केले आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना दाखल झाली की तिची जबाबदारी त्याची. सुधारणा चांगली आहे. परंतु हा व्यापार मोठ्या शहरातील चकचकीत दालनांत जितका चालतो तितकाच गॅरेजच्या दारात आणि चहाच्या टपरीवर चालतो, आणि तेथे परवाना कोणी विचारीत नाही.

उणीव आहे ती एका कागदाची. हस्तांतरांची साखळी, चढलेले व उतरलेले बोजे, थकलेले चलान, विम्याने निकाली काढल्याचा शेरा आणि चोरीची नोंद हे सारे एका ठिकाणी, अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीसह देणारा उतारा ग्राहकाला मिळावयास हवा. विम्याच्या दाव्यांची माहिती विमा कंपन्या आपापसात एकत्र ठेवतात. ती नोंदणीच्या दप्तराशी जोडणे हे कायद्याने सक्तीचे करावे लागेल, कारण आपखुशीने कोणी ते करणार नाही. सांगाडा खपतो तो या माहितीच्या अभावावरच.

खाजगीपणाचा आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. शेताचा सातबारा कोणीही काढू शकतो. पण शेत रस्त्यावरून फिरत नाही. मोटारीचा क्रमांक पाहून एखाद्या स्त्रीचे नाव-पत्ता कोणालाही मिळू लागला तर ते धोक्याचे होईल. म्हणूनच ‘वाहन’वर मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते ते योग्यच आहे. परंतु विकावयास निघालेल्या मालकाने स्वतःच्या मोबाइलवरील संकेतांकाने संमती द्यावी आणि मग उतारा निघावा, एवढी सोय अशक्य नाही. जो संमती नाकारील त्याच्या नकारातूनही घेणाऱ्याला काही कळेलच. आपल्याच राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळू लागला. तलाठ्याच्या दारातील खेटे ज्यांना आठवतात त्यांना याची किंमत कळेल.

तोपर्यंत ग्राहकाने काय करावे? चेसिस व इंजिनाचा क्रमांक गाडीवर स्वतः वाचून कार्डाशी ताडून पाहावा. कार्डावर मालकाचा अनुक्रमांक छापलेला असतो, तो विकणाऱ्याच्या गोष्टीशी जुळतो की नाही पाहावे. विम्याच्या मूळ पॉलिसीत ‘नो क्लेम बोनस’ किती आहे ते पाहावे: पाच वर्षे दावा न केल्यास तो पन्नास टक्क्यांवर जातो, ‘एकदाही घासली नाही’ अशी ख्याती असलेल्या गाडीच्या पॉलिसीत तो शून्य दिसला तर कारण विचारावे. विमाही स्वतःच्या नावे करून घ्यावा. तिऱ्हाइताच्या भरपाईचा भाग कायद्याने गाडीबरोबर येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. आणि मुख्य म्हणजे नोंदणीकृत मालकाला प्रत्यक्ष भेटावे, आणि किमतीचा काही हिस्सा नव्या नावाचे कार्ड हाती येईपर्यंत राखून ठेवावा. दलाल यास सहसा तयार होत नाहीत. ‘साहेब, एवढा अविश्वास असेल तर गाडी घेऊच नका,’ असे ते म्हणतात. तेव्हा त्यांचा सल्ला मानावा.