गडी बाद झाल्यावर

गेम बनवणारे चार जण एकत्र आले की हा वाद निघतोच. गेममध्ये आव्हान महत्त्वाचे, की खेळून उठल्यावर मनात उरणारा एकूण अनुभव? एक बाजू म्हणते, हरण्याची धास्ती नसेल तर त्याला खेळ कशाला म्हणायचे? दुसरी म्हणते, माणूस येतो तो कथेसाठी, चित्रांसाठी, त्या जगात हिंडण्यासाठी. त्याला पावलोपावली अडवून काय मिळवायचे? अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून गेम करणाऱ्या मुलांपासून पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत काम करणाऱ्या वऱ्हाडी डिझायनरांपर्यंत सर्वांपुढे हा प्रश्न आहे. आमचे मत आधीच सांगतो. अनुभव मोठा. मात्र आव्हान हा त्या अनुभवाचा शत्रू नाही, तो घडवण्याचे साधन आहे. आणि ते साधन नीट वापरले गेले की नाही, हे एकाच ठिकाणी कळते: गडी बाद झाल्यावर त्याचे काय होते?

या प्रश्नावर आपल्या मातीत बराच विचार झालेला आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्याचा डेक्कन जिमखाना, बडोद्याचा हिंद विजय जिमखाना आणि अमरावतीचे हे मंडळ अशा संस्थांच्या काळात खेळांचे गावोगावचे नियम एकत्र बसवले जात होते. त्या वेळी हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, तीन प्रकार खेळले जात. आजच्या प्रत्येक गेम डिझायनरने ते मुळातून समजून घ्यावेत.

पहिला अमर. यात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही. फक्त समोरच्या संघाला गुण मिळतो. सगळे पूर्ण वेळ खेळतात, पण पकडले जाण्याची बोच राहत नाही. दुसरा गामिनी. यात बाद झालेला गडी बाहेर जातो आणि एका बाजूचे सगळे गडी बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. शेवटचा एकटा गडी चढाईला निघतो तेव्हा पाहणाऱ्याचाही श्वास अडकतो. पण पहिल्याच मिनिटाला बाद झालेल्या पोराचा खेळ तिथेच संपलेला असतो. तिसरा संजीवनी. इथेही बाद झालेला बाहेर जातो, पण आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की आपला एक आत येतो. हार लागते, तरी खेळ सुटत नाही. बाहेर बसलेला गडी प्रत्येक चढाईकडे जीव लावून पाहतो, कारण त्याचे परतणे त्या चढाईवर अवलंबून असते. पुढे कबड्डीच्या अधिकृत नियमांनी हीच संजीवनी स्वीकारली.

तिन्ही प्रकारांत चढाई तीच, पकड तीच, दमही तोच. आव्हानाच्या तीव्रतेत कणभर फरक नाही. फरक फक्त हरल्यानंतरच्या नियमात आहे, आणि तेवढ्याने खेळाचा सगळा अनुभव पालटतो. म्हणून ‘गेम किती अवघड ठेवू?’ या प्रश्नापासून सुरुवात करणाऱ्या डिझायनरांना आम्ही सांगू इच्छितो की तो प्रश्न दुसरा आहे; पहिला प्रश्न, हरल्यावर काय होते हा.

कबड्डीचे आजचे नियमही याच दिशेने गेले. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर सुपर टॅकलचा जादा गुण मिळतो. म्हणजे ज्याची बाजू पडत चालली आहे, त्याच्या धाडसाची किंमत वाढते. सगळे गडी बाद होऊन लोण चढला तर दोन गुण जातात, पण सगळा संघ पुन्हा मैदानात येतो. खो-खोने वेगळी युक्ती केली. धावणारा पाटीवर बसलेल्यांच्या मधून कुठूनही निसटू शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पाठलाग करणारे नऊ जण आणि एका वेळी पळणारे तिघेच, पण बंधने नऊ जणांवर. संख्येने जास्त असलेल्याचे हात बांधून खेळ रंगवला आहे. शत्रूचे आरोग्य तिप्पट करून लेव्हल ‘हार्ड’ झाली असे मानणाऱ्यांनी हे नियम समोर ठेवून बसावे.

जगातले चांगले गेमही याच वाटेने गेले आहेत. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या ‘सेकिरो’वरून २०१९ मध्ये सोपा पर्याय द्यावा की नाही, यावर मोठा वाद झाला. त्याच कंपनीचा ‘एल्डन रिंग’ २०२२ मध्ये आला आणि वर्षभरात त्याच्या २ कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यातले बॉस काही मऊ नाहीत. पण हरलेल्याला वाट मोकळी आहे. घोडा वळवावा, दुसरीकडे जावे, बळ कमवून परत यावे. ‘सेलेस्ट’मध्ये (२०१८) मेल्यावर त्याच पडद्यावर क्षणात पुन्हा सुरुवात होते. शिवाय गेमचा वेग कमी करण्याची, दम न संपण्याची सोय असलेला असिस्ट मोड आहे. मल्लखांबावर नव्या मुलाच्या कमरेपाशी वस्तादाचा हात असतो, तसाच हा हात. उडी मुलाचीच असते. ‘जर्नी’मध्ये (२०१२) तर मरणच नाही. राक्षसी प्राण्याने झडप घातली तर गळ्यातला स्कार्फ फाटून आखूड होतो आणि प्रवास पुढे चालू राहतो. तो आखूड स्कार्फ पाहताना जे वाटते, ते ‘गेम ओव्हर’च्या पाटीने कधी वाटले नसते.

आव्हानाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा आम्हाला पूर्ण मान्य आहे. कष्टाने जिंकल्याचा आनंद दुसऱ्या कशाने मिळत नाही. मोर्शीच्या एखाद्या मुलीने शंभर वेळा हरून एखादा बॉस पाडला, तर तो अभिमान तिचा आहे आणि तो कुणी स्वस्त करू नये. पण त्या शंभर वेळांत प्रत्येक वेळी तिला ‘आपण कुठे चुकलो’ हे कळले, म्हणून ती एकशे एकाव्या वेळी बसली. कारण कळत नसते, तर तिने तिसऱ्या वेळीच फोन ठेवून दिला असता. आव्हान टिकते ते हरण्यातून काही हाती लागते म्हणून.

आता कडक बोलणे भाग आहे. आव्हानाच्या नावाखाली खूप काही खपवले जाते. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून पुढे आर्केडमध्ये कठीणपणामागे धंद्याचे गणित होते: खेळणारा लवकर हरला की पुढचे नाणे लवकर पडते. आज कित्येक मोबाईल गेममध्ये मुद्दाम अडेल अशी लेव्हल रचतात आणि तिथेच जादा जीव विकायला ठेवतात. ही अडवणूक आहे. ज्या पोराकडे पैसे नाहीत त्याला हिणवणारी आणि ज्याच्याकडे आहेत त्याला लुबाडणारी. या व्यवसायाचा अभिमान असलेल्या कुणीही असे काम हाती घेऊ नये.

दुसरी अडवणूक नकळत होते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, फ्रेमरेट पडतो आणि वार चुकवण्यासाठी ठेवलेला सेकंदाचा पाचवा हिस्सा खेळणाऱ्याच्या हाती उरत नाही. तो हरतो, आणि दोष स्वतःला देतो. वातानुकूलित खोलीत, महागड्या फोनवर टेस्ट करून ‘बॅलन्स बरोबर आहे’ म्हणणे हा त्या खेळणाऱ्यावर अन्याय आहे. बारीक अक्षरातल्या इंग्रजी सूचनाही तसाच अन्याय करतात. कोडे सोडवता न येणे वेगळे आणि कोडे वाचताच न येणे वेगळे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ने २०२० मध्ये दाखवून दिले की आपल्या चित्रपरंपरेतून उभे केलेले जग दूरदेशीच्या खेळणाऱ्यालाही ओढून घेते; द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. सुंदर जग उभे करणारे हात महाराष्ट्रात आहेत. आता त्या जगात हरणाऱ्याचीही तितकीच काळजी घेणारे नियम घडवायला हवेत, आणि त्यासाठी वऱ्हाडाइतकी चांगली शाळा नाही. वऱ्हाडातल्या विद्यार्थ्यांनी एक सुट्टी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर काढावी. खो-खो आणि कबड्डीचा सराव वही घेऊन पाहावा. कोण कधी बाहेर गेला, किती वेळाने आत आला, बाहेर असताना काय करत होता, हे टिपावे. तिथल्या शिक्षकांशी बोलावे. नियम बदलला की मुले कशी खेळतात, हे ते वर्षानुवर्षे पाहत आले आहेत.

मग स्वतःच्या गेमसाठी, कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी, तीन उत्तरे कागदावर मांडावीत. खेळणारा हरला तर का हरला हे त्याला कसे कळेल? हरल्यावर तो किती वेळात परत खेळात येईल? आणि हरताना त्याच्या हाती काय उरेल: नवी माहिती, वेगळी वाट, की कथेतला एखादा तुकडा? ही उत्तरे घेऊन दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूरच्या मुलांना त्यांच्याच फोनवर, दुपारच्या उन्हात गेम खेळायला द्यावा, आणि आपण गप्प बसून पाहावे.

आम्हीही आमच्यापुरता बदल करत आहोत. पुढच्या अंकापासून या मासिकातल्या परीक्षणांत ‘काठिण्य’ म्हणून गुण दिले जाणार नाहीत. त्या जागी वरच्या तीन प्रश्नांची उत्तरे असतील आणि गेम कोणत्या किमतीच्या फोनवर, किती तापमानात खेळून पाहिला, याची नोंद असेल. तुमचा गेम याच कसोटीवर पाहिला जाईल, हे ध्यानात ठेवून तो आमच्याकडे पाठवावा.