शेवटच्या नळापाशी

पावसाळा आला की ‘पाणी उकळून प्या’ असे फलक झळकतात. या उपदेशास आमची हरकत आहे.

नवी मुंबई महापालिकेपाशी मोरबे हे स्वतःच्या मालकीचे धरण आहे. भोकरपाड्यास पाणी शुद्धही होते. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात शहर देशात तिसरे आले, याचा आम्हांसही अभिमान वाटला. परंतु ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या वस्त्यांत नळाची वाहिनी गटारातूनच जाताना दिसते. (पारितोषिके देणारे बहुधा तेथे पायी फिरत नसावेत.) पुरवठा थांबला की वाहिनीतील दाब ओसरतो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. शुद्ध केलेले पाणी असे दारापाशी येऊन नासते. २०२५ च्या आरंभी पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे विकाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशयाची सुई दूषित पाण्याकडेच वळली होती.

आणि उपाय काय, तर उकळा! एक सिलिंडर महिनाभर पुरवणाऱ्या माउलीने रोज हंडाभर पाणी उकळावे?

ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते. ते रोज मोजून त्याच फलकावर लिहिण्यास कोणाची हरकत आहे?