कलमांची कीड आणि सड्यावरचे गवत

राजापूर तालुक्यातील नाटे व त्याच्या शेजारची किनाऱ्यावरील गावे मासळीवर जगतात, तशी हापुसावरही जगतात. मासळी समुद्राच्या मर्जीवर अवलंबून आहे; हापुसाचे पुष्कळसे भवितव्य मात्र आपल्याच हाती आहे, आणि तेथेच आपण चुकत आहो, असे खेदाने म्हणणे आम्हांस भाग आहे.

मोहोरावर तुडतुडे वा फुलकिडे दिसले की बागायतदार फवारणीस लागतो. वर्षाचे उत्पन्न डोळ्यांदेखत जात असता त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु तेच ते औषध वारंवार मारल्याने कीड त्यास सरावते, आणि फळधारणेस साह्य करणाऱ्या माश्या व मधमाश्या मात्र मरतात. खर्च वाढतो, फळ वाढत नाही.

व्यापारी बंधूंस १ मे २०१४ हा दिवस विसरता येणार नाही. फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने त्या दिवसापासून भारतीय आंब्यास दार बंद केले, ते २०१५ च्या आरंभी उघडले. ही माशी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी गर खाते व फळ गळल्यावर मातीत शिरून कोश करते. अर्थात् झाडाखाली कुजू दिलेला आंबा हे पुढील पिढीचे सूतिकागृहच होय. पडलेली फळे वेचून खोल पुरणे व नर माश्यांसाठी सापळे टांगणे, हा उपाय दापोलीचे कृषी विद्यापीठ सांगत आले आहे. तो स्वस्त आहे. म्हणूनच की काय, उपेक्षित आहे!

तीच गोष्ट गवताची. सड्यावरचे गवत पावसाळा सरताच कापले तर गोठ्यास वैरण होते; उभे राहिले तर उन्हाळ्यात वणव्यास खाद्य होते. त्यात रानमोडीची भर. हे परदेशी तण गुरे खात नाहीत, त्याचे बी वाऱ्यावर पसरते, आणि वाळले की तेही पेट घेते. फुलोऱ्यापूर्वी ते उपटले तरच त्याचा बंदोबस्त होतो. एका ठिणगीने पंधरा-वीस वर्षे जोपासलेली कलमे होरपळतात, हे कोकणास नवे नाही.

कोणी म्हणेल, मजूर मिळत नाहीत व कित्येक मालक मुंबईस असतात. हे खरे आहे. पण माशीस गडगा कळत नाही आणि वणवाही सातबारा पाहून थांबत नाही. एकाने बाग राखली व शेजाऱ्याची ओसाड राहिली, तर पहिल्याचे श्रम व्यर्थ होतात. म्हणून हे काम एकट्याचे नसून गावाचे आहे. ग्रामपंचायतीने दिवाळीच्या सुमारास गवत कापण्याचे दिवस ठरवावेत. गैरहजर मालकांनी त्याची मजुरी द्यावी व गवत गुरे पाळणाऱ्यांस न्यावयास मोकळे ठेवावे. पेटीवर नफा घेणाऱ्या व्यापाऱ्यांनीही सापळ्यांच्या खर्चाचा वाटा उचलावा. ही देणगी नव्हे, आपल्याच मालाची राखण आहे. दार पुन्हा बंद झाल्यावर जागे होण्यापेक्षा आजच हात हलविणे शहाणपणाचे नव्हे काय?