हात थकले म्हणून ताट रिकामं नको



गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मिरजेहून माझ्या खालांच्या शेजारणीचा फोन आला. "तुमच्या खाला ओट्याजवळ खाली बसून राहिल्यात. घाम सुटलाय, हात थरथरतायत." शेजारीण हुशार. खालांना मधुमेह आहे हे तिला ठाऊक होतं. त्या शुद्धीवर आहेत, गिळू शकतात हे बघून तिने त्यांना साखरेचं पाणी पाजलं आणि रिक्षा करून दवाखान्यात नेलं. मी कोल्हापूरहून पोहोचले तोवर, अल्हम्दुलिल्लाह, त्या सावरल्या होत्या.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "सकाळपासून काय खाल्लं?" खाला गप्प. मग खाली बघत म्हणाल्या, "चहा आणि दोन खारी." साखरेची गोळी मात्र वेळेवर घेतली होती. गोळीने तिचं काम केलं, पण पोटात काही नव्हतं. म्हणून रक्तातली साखर एकदम उतरली.

घरी येऊन मी स्वयंपाकघर पाहिलं. ज्वारीच्या पिठात पोरकिडे झाले होते. हळदीचा गोळा झाला होता. फ्रिजमध्ये दूध, पाव आणि दोन केळी. बिर्याणीची मोठी देगची माळ्यावर उलटी घातलेली. वर्षभर मी फोनवर विचारत होते, "खाला, आज काय पकवलं?" आणि त्या सांगत होत्या, "दालचा केला, दोन भाकऱ्या थापल्या." बोटांच्या सांध्यांना सूज, कांदा चिरवत नाही, कुकरचं झाकण लागत नाही, पीठ मळताना डोळ्यांत पाणी येतं. हे सगळं त्यांनी लपवलं होतं. मुलगा पुण्यात, मुलगी सासरी. कुणाला त्रास नको, एवढाच त्यांचा हिशोब.

मी म्हटलं, "डबा लावूया." खाला उसळल्या. "या घरात बाहेरचं अन्न? बरकत जाईल घराची. लोक काय म्हणतील, म्हातारीला मुलं सांभाळत नाहीत!"

हे वाक्य आपल्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. काहींनी स्वतः म्हटलंही असेल. म्हणून या महिन्यात पाककृती नाही. हात चालेनासे झाले, तर चांगलं आणि हलाल तयार अन्न कसं शोधायचं, ते बघूया.

आधी मनातली अढी

खालांना मी एकच विचारलं. "मोहल्ल्यात मय्यत झाली की तुम्ही त्या घरी किती वेळा खाना पाठवलात?" त्यांना मोजता येईना. हजरत जाफर (रजि.) मुअताच्या लढाईत शहीद झाल्याची बातमी आली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला सांगितलं होतं, कारण त्या घरावर दुःख कोसळलं होतं. ज्या घरी चूल पेटणं कठीण झालंय, तिथे दुसऱ्या चुलीवरचं अन्न जावं, ही आपलीच रीत आहे. ज्यांच्याकडे तुम्ही खाना पाठवलात, त्यांची बरकत गेली असं तुम्हाला कधी वाटलं का? मग स्वतःसाठीच का वाटावं?

खाला लगेच मानल्या नाहीत. पण "आठ दिवस बघू" एवढं म्हणाल्या. मलाही तेवढंच हवं होतं.

पहिला रस्ता : घरगुती डबा

डबा लावताना बहुतेक लोक फक्त भाव विचारतात. आम्ही तीन ठिकाणी गेलो आणि पाच गोष्टी विचारल्या.

एक, गोश्त कुठून आणता? हलाल आहे, असं नुसतं उत्तर पुरत नाही. कसायाचं दुकान कुठलं ते विचारा. प्रामाणिक बाईला या प्रश्नाचा राग येत नाही.

दोन, नोंदणी आहे का? घरून अन्न विकणाऱ्यांनीही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करायची असते. त्यांना १४ अंकी क्रमांक मिळतो. तो क्रमांक म्हणजे चवीची हमी नव्हे, पण तक्रार करायची वेळ आली तर दाद मागता येते.

तीन, मीठ आणि तेल कमी करून देता का? रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर हे पहिल्या दिवशीच सांगा. पातळ रश्शावर बोटभर तर्री तरंगत असेल तर तो डबा रोजचा नव्हे.

चार, अन्न किती वाजता शिजतं आणि किती वाजता पोचतं? अकराला शिजून दोनला येणारा डबा पावसाळी हवेत धोक्याचा. गोळी घेणाऱ्या माणसासाठी तर वेळ पाळणं चवीपेक्षा मोठं.

पाच, रमजानमध्ये काय? सेहरी-इफ्तारला डबा देणार का, हे आधीच ठरवा. मधुमेह असलेल्या वृद्धांनी रोजा धरावा की नाही, हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवायचं. अल्लाहने आजाऱ्यांना सवलत दिली आहे, ती नाकारण्यात मोठेपणा नाही.

आणि एक साधी गोष्ट : महिन्याचे पैसे आधी भरू नका. आठ दिवस चाखून बघा. डाळ रोज पाण्यासारखी येते का, भाजीत बटाटाच बटाटा असतो का, ते आठ दिवसांत कळतं.

गावात पोळीभाजी केंद्र असेल तर तोही चांगला आधार. तिथे शाकाहारी असतं, त्यामुळे गोश्ताचा प्रश्न येत नाही. नुसत्या भाकऱ्या विकत मिळतात. आपल्याकडे मोहल्ल्यातल्या बायकाही भाकऱ्या थापून देतात. खालांना सगळ्यांत कठीण होतं ते थापणं. ते एक काम गेलं, तर अर्धा स्वयंपाक हलका झाला.

दुसरा रस्ता : दुकानातलं पाकीट

पावसात डबेवाली आली नाही, तर घरात काहीतरी हवं. गरम करून खायची डाळ, राजमा, पुलावाची पाकिटं आता गावच्या दुकानातही दिसतात. पाकिटातलं अन्न म्हणजे सगळं औषध घालून टिकवलेलं, असा आपला समज असतो. तो सरसकट खरा नाही. या जाड पाकिटांत अन्न भरून ती हवाबंद करतात आणि दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. जंतू मरतात, म्हणून ते फ्रिजशिवाय टिकतं. म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेने जवानांसाठी असं जेवण तयार केलं आणि त्यातूनच हे तंत्र पुढे आपल्या बाजारात रुळलं.

मात्र पाकीट घेताना चष्मा लावून मागची बाजू वाचा.

मीठ : पाकिटावर बहुधा 'सोडियम' लिहिलेलं असतं, तेही १०० ग्रॅममागे. समजा १०० ग्रॅमला ४५० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट ३०० ग्रॅमचं आहे. म्हणजे एका पाकिटात १,३५० मिलिग्रॅम. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं, सुमारे ३.४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. एका पाकिटातच मोठा वाटा संपला! म्हणून अर्धं पाकीट घ्या, त्यात बिनमिठाचा भात किंवा उकडलेली भाजी मिसळा. वर पापड-लोणचं नको.

प्रथिनं : म्हातारपणी पोट भरतं, पण अंगात ताकद राहत नाही, याचं एक कारण इथे असतं. आपल्या देशातल्या पोषणतज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५० किलो वजन असेल तर सुमारे ४१ ग्रॅम. चहा-खारीत ती कुठून येणार? पाकिटातला पुलाव घेतला तर सोबत उकडलेलं अंडं घ्या. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

हलाल : हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. या सरकारी खुणा आहेत. त्यांच्यावरून हलाल-हराम ठरत नाही. तपकिरी त्रिकोण असलेलं गोश्त झबिहा आहे की नाही, हे त्या खुणेवरून कळत नाही. त्यासाठी हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची वेगळी खूण शोधा. हिरव्या ठिपक्याचा एक फायदा मात्र मोठा आहे. त्यात जिलेटिन किंवा प्राण्यांची चरबी नसते. पण वाइन किंवा इतर दारू घातलेली आहे का, हे ठिपका सांगत नाही. म्हणून घटकांची यादी वाचावीच लागते. शंका आली तर पाकीट परत ठेवा. डाळ, अंडी आणि मासळी असताना शंकेचं अन्न घेण्याची गरजच पडत नाही. गोठवलेली मासळी घेतलीत तरी तिच्यावरच्या मसाल्याची आणि आवरणाची यादी तेवढी वाचून घ्या.

फुगलेलं, गळणारं पाकीट कितीही महाग असलं तरी टाकून द्या. चांदीसारख्या आवरणाचं पाकीट तसंच मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. आणि एकदा उघडलं की ते ताज्या शिजवलेल्या अन्नासारखंच. उरलेलं डब्यात काढून फ्रिजमध्ये.

तिसरा रस्ता : अर्धी तयारी विकत, अर्धी घरची

खालांना खरा आनंद मिळाला तो या रस्त्याने. सगळं बाहेरून आणलं की त्यांना पाहुण्यासारखं वाटायचं. म्हणून कठीण कामं तेवढी बाहेर दिली. कसायाकडून कीमा करून, पाव-पाव किलोच्या पिशव्या बांधून घ्यायचा. आलं-लसणाची पेस्ट आणि तळलेला कांदा तयार आणायचा. तूरडाळीऐवजी लवकर शिजणारी मसूरडाळ. कुकरऐवजी बटण दाबलं की शिजवणारं विजेचं भांडं. फोडणी खालांच्या हातची. चव त्यांचीच राहिली, दुखणं कमी झालं.

आणि मुलगा? तो पंधरवड्यातून एकदा पुण्याहून येतो. पूर्वी आईच्या हातचं खायला यायचा. आता शनिवारी रात्री आईला खुर्चीवर बसवून, तिच्या सूचना ऐकत, दालचा आणि कीमा स्वतः करतो. पहिल्यांदा करपवला, ते खाला अजून सगळ्यांना सांगतात. पुरुषाने चुलीपाशी जाण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत, हे हजरत आएशा (रजि.) यांनीच सांगितलं आहे.

करून ठेवलेलं अन्न सांभाळायचे नियमही त्याने फ्रिजवर चिकटवलेत. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. मोठं पातेलं तसंच ठेवू नये, ते आतून उशिरा गार होतं. छोट्या, उथळ डब्यांत भरावं. डब्यावर तारीख. दोन-तीन दिवसांत संपवायचं, त्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीझरमध्ये. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. खाताना वाफ येईपर्यंत गरम करायचं आणि तेही एकदाच. भाताची विशेष काळजी. बाहेर राहिलेल्या भातात असं विष तयार होऊ शकतं, जे पुन्हा गरम करूनही जात नाही.

आज खालांचं आठवड्याचं गणित असं आहे. पाच दिवस दुपारी डबा. रात्री मुलाने केलेलं किंवा भाकरी-डाळ. कपाटात डाळीची दोन पाकिटं, अडीअडचणीसाठी. ओट्यावर चार अंडी उकडून ठेवत नाही, रोज एकच उकडायची. सकाळची गोळी नाश्ता समोर आल्याशिवाय घ्यायची नाही, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम.

डबा देणारी मुलगी मोहल्ल्यातलीच. तीन लेकरांची आई, नवऱ्याचं काम सुटलेलं. खालांनी पहिल्याच आठवड्यात तिला बोलावून सांगितलं, "बेटा, तुझ्या दालच्यात चिंच उशिरा पडते." आता ती नवीन काही करायचं ठरलं की आधी विचारायला येते. तिच्या घरी चार पैसे जातात, खालांच्या ताटात गरम घास येतो. बरकत गेली म्हणणाऱ्यांनी कुणाच्या घरची गेली ते सांगावं.

भगिनींनो, पुढच्या वेळी आईकडे, सासूकडे, एकट्या राहणाऱ्या खाला-फुफीकडे गेलात की "काय पकवलं?" एवढं विचारून थांबू नका. पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जा. पिठाचा डबा उघडून बघा, फ्रिज उघडून बघा. त्या सांगणार नाहीत. डबा सांगेल.

अल्लाह आपल्या सर्वांच्या वडीलधाऱ्यांना सेहत देवो, आमीन. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, पुन्हा भेटूया.