मजकूर एकाचा, काडी अनेकांची

दौंड तालुक्यांतील यवत गांवीं १ ऑगस्ट २०२५ रोजीं एका तरुणानें मोबाइलवर टाकलेल्या मजकुरावरून जमाव उठला. गाड्या जाळल्या, मालमत्तेची नासधूस केली. पोलिसांस अश्रुधूर सोडावा लागला. मजकूर वाईटच होता असें धरून चालूं. पण काडी लावणाऱ्यांपैकीं कितीकांनीं तो स्वतः वाचला होता? पुढें जमावबंदी लागली कीं भाजीवालीची पाटी कुजते, सुताराचा रोज बुडतो; चिथावणाऱ्याचें कांहीं जात नाहीं. शाळेंत निनावी चिठ्ठी आली तर आम्ही ती फाडतों. मोबाइलवरची निनावी चिठ्ठी मात्र मुलांचे बापच घरोघर धाडतात!

पोलिसांचेंही सांगितलें पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्यें, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर, पालघरच्या एका मुलीनें मुंबईच्या बंदविषयीं फेसबुकावर चार ओळी लिहिल्या, दुसरीनें पसंतीची खूण केली. पोलिसांनीं दोघींस धरलें. इकडे जमावानें एकीच्या नातेवाइकाचा दवाखाना फोडला. तें पाहून एक तरुणी सर्वोच्च न्यायालयांत गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजीं ६६अ कलम रद्द झालें. १८७८ सालीं इंग्रज सरकारनें देशी भाषांतील पत्रांचेंच तोंड बांधलें होतें, इंग्रजी पत्रें मोकळीं ठेविलीं होतीं. असो.

फौजदारसाहेबांस आमचें मागणें एवढेंच, मजकुराचा तपास जरूर करावा; पण ज्याची गाडी जळाली त्याचा पंचनामा आधीं व्हावा.