अमेरिकेचे शिक्षण आणि आपले दोन एकर



गेला गळीत हंगाम संपल्यावर मी चार दिवस डोंबिवलीला थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. आपल्यापैकी पुष्कळांची भावंडे, मुले, लेकी-जावई नोकरीनिमित्त ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे राहतात. त्यामुळे तिकडची हकीकत ही आपल्याच घरची हकीकत समजून सांगतो.

भाचा इंजिनिअर झाला आहे. पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत जायचे म्हणतो. रात्री जेवणे झाल्यावर आक्का म्हणाली, "भाऊ, बाबांच्या जमिनीतला हिस्सा मी आजवर कधी मागितला नाही. आता पोरासाठी दोन एकर वीक." तिचे बोलणे खोटे नव्हते. हिस्सा तिचा आहे, कायद्यानेही आहे. तारण ठेवायचे म्हटले तर शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन बँका शक्यतो घेत नाहीत, कारण थकबाकीत तारण ताब्यात घेण्याचा २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू नाही. म्हणजे विक्री हाच मार्ग उरतो. मी म्हणालो, "आक्का, विकायची वेळ आली तर विकू. पण आधी हिशेब बघू."

दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर ठाण्याला एका सल्लागाराच्या कचेरीत गेलो. गारगार हवा, भिंतीवर अमेरिकेचा नकाशा. गृहस्थांनी एकाच विद्यापीठाचे गुळगुळीत पुस्तक पुढे सरकवले. दोन वर्षांचा खर्च पंचाहत्तर लाख! मी विचारले, "यापेक्षा कमी खर्चाचे काही?" तर म्हणतात, "काका, स्वस्तात चांगलं मिळत नसतं." तुमची फी किती, म्हटले, तर "आमची फी नाहीच."

बाहेर आल्यावर माझ्या मनात आले, फी नाही तर एवढ्या कचेरीचे भाडे कोण भरतो? भाच्याने खुलासा केला की बरीच विद्यापीठे दर विद्यार्थ्यामागे अशा मंडळींना कमिशन देतात. तो काही गुन्हा नव्हे. पण जो कमिशन देईल त्याचाच माल अडत्या पुढे करणार, हे गूळ विकणाऱ्या आपल्या वाडवडिलांना कळत होते.

आता आपल्या भाषेत हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्या दराने पंचाहत्तर लाख म्हणजे एकवीसशे टनांवर ऊस, तोही तोडणी-वाहतूक वजा न करता! डॉलर ८५ रुपये धरला, तरी मोठ्या खाजगी विद्यापीठाचा वर्षाचा ८०,००० डॉलरचा छापील खर्च १,९०० टनांवर जातो. उलट, बेताच्या खर्चाच्या सरकारी विद्यापीठात राहण्या-जेवणासह २५ ते ३० हजार डॉलरमध्ये वर्ष निघू शकते, म्हणजे ६०० ते ७२० टन. एकरी चाळीस टन धरा. एकीकडे अठ्ठेचाळीस एकरांचे पीक, दुसरीकडे पंधरा ते अठरा. हा फरक शोधण्यासाठी चार महिने खटाटोप करायला नको का?

परतीची गाडी कल्याणला पकडायची होती. फलाटावर बसल्या बसल्या आठवले, की आनंदीबाई जोशी याच कल्याणच्या. जन्म १८६५ चा. यजमान गोपाळराव पोस्टात नोकरीला, पैसा बेताचा. त्यांनी काय केले? अमेरिकेत पत्र धाडले. ते तिथल्या एका मिशनरी मासिकात छापून आले आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. पत्रव्यवहारातून घरोबा झाला आणि राहायला घर मिळाले. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजला स्वतः अर्ज लिहिला. कॉलेजने शिष्यवृत्ती देऊन प्रवेश दिला. १८८३ साली त्या गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. मधे दलाल कोणी नव्हता. मात्र परदेशात त्यांची तब्येत ढासळली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्या पुण्यात वारल्या. म्हणून सांगतो, काटकसर फीमध्ये करा. पोराच्या जेवणात, गरम कपड्यांत आणि आरोग्य विम्यात करू नका.

आता भाच्याने आणि मी मिळून जे शोधले ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, सरकारी विद्यापीठे आधी बघा. १८६२ साली लिंकनच्या सहीने कायदा झाला आणि शेती व यंत्रविद्येच्या कॉलेजांसाठी राज्यांना जमिनी मिळाल्या. शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या पोरांसाठीच ती निघाली. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पहिल्या महायुद्धाआधी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या अशाच कॉलेजांत शेती शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर नावाजलेले काम करून गेले. या विद्यापीठांत परराज्याच्या विद्यार्थ्याला फी जास्त असते, पण चांगल्या गुणांवर ती कमी करणारीही पुष्कळ आहेत. विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरी, छापील फी म्हणजे खरी फी नव्हे. पीएच.डी.ला बहुधा फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळते. एम.एस.ला शिकवण्याचे किंवा संशोधनातले काम मिळाले तरच सवलत, आणि त्याची हमी नाही. बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी केंटकीतले बेरिया कॉलेज शिकवणी फी घेत नाही, मुलांना तिथे काम करावे लागते. हार्वर्ड, एमआयटीसारख्या ठिकाणी तर प्रवेश मिळाला की घरची ऐपत बघून मदत देतात. पण तो प्रवेश मिळणे महाकठीण.

तिसरी, व्हिसासाठी विद्यापीठ जो आय-ट्वेंटी कागद देते, त्यावर वर्षाचा एकूण खर्च लिहिलेला असतो. तो आकडा धरा, पुस्तकातला नव्हे. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. "पोरगं बाहेर काम करून फेडील" असे कोणी सांगितले तर ते बेकायदा आहे हे ध्यानात ठेवा. नोकरीच्या भरवशावरही सगळा डाव लावू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडच्या सरकारने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली, हे ताजे उदाहरण आहे.

चौथी, स्वस्त म्हणून बनावट नको. २०१९ साली मिशिगनमधल्या फार्मिंग्टन विद्यापीठाच्या प्रकरणात १३० विद्यार्थी धरले गेले, त्यात १२९ भारतीय. ते विद्यापीठ मुळात तिथल्या सरकारनेच लावलेला सापळा होता. मान्यता आणि वर्ग भरतात की नाही, हे आधी तपासा.

पाचवी, आपल्याकडचे पैसे शोधा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची आहे. अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

आता कारखान्याकडे एक मागणी. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तो कशासाठी? शेतकऱ्याच्या मालाचा दर दुसऱ्याने ठरवू नये म्हणूनच ना? मग शिक्षणाच्या बाबतीत आपण पुन्हा एकेकटे दलालाच्या दारात का उभे राहतो? सभासदांची किती तरी मुले आज परदेशात आहेत. शेतकी ऑफिसात एक नोंदवही ठेवावी. कुठले विद्यापीठ, कोणता विषय, वर्षाला खरा खर्च किती आला, सवलत किती मिळाली, काय फसगत झाली, हे ज्याने त्याने खुशीने लिहावे. याला फंड लागत नाही, ठराव पुरे. येत्या वार्षिक सभेत मी तो मांडणार आहे.

भाच्याने नऊ विद्यापीठांना स्वतः लिहिले. तिघांची उत्तरे आली. एकाने फी कमी करण्याचे कळवले आहे, पण पक्का कागद अजून हाती नाही. आक्काला मी शब्द दिला आहे, की सगळे करून जी तूट उरेल तेवढीच जमीन विकीन. मग ती दहा गुंठे असो की दोन एकर.

कळावे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद