ऑक्टेन वाढला, मग ॲव्हरेज का पडलं?

'गाडी ॲव्हरेज किती देते?' हा कट्ट्यावरचा जुनाच प्रश्न सध्या पुन्हा तापलाय. कारण पंपावरचं साधं पेट्रोल आता ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. सरकार म्हणतं, ऑक्टेन वाढला, पिकअप सुधारला. गाडीवाले म्हणतात, ॲव्हरेज पडलं. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात.

ऑक्टेन म्हणजे इंधनाची ताकद नव्हे. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते. त्याच वेळी उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटलं, तर टकटक आवाज येतो. हे नॉकिंग. ते इंधन किती रोखून धरतं, याचं माप म्हणजे ऑक्टेन. इथेनॉलचा ऑक्टेन १०८च्या आसपास. त्यामुळे ९१ चं पेट्रोल ई-२० मध्ये ९५ पर्यंत गेलं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.

पण याचा फायदा घ्यायला इंजिन जास्त कॉम्प्रेशनचं किंवा ठिणगीची वेळ स्वतः जुळवून घेणारं हवं. जुन्या सेकंडहँड बाइकला ते सहसा जमत नाही. उलट, लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. हा फटका जुन्या गाडीला जास्त. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज होता.

हिशेब करू. महिन्याला ५०० किलोमीटर, ॲव्हरेज ५० चं ४८ झालं. १० लिटरऐवजी साधारण १०.४ लिटर पेट्रोल, म्हणजे चाळीसेक रुपये जादा. रक्कम छोटी आहे, प्रश्न छोटा नाही. तेल आयात कमी होते, ऊस आणि मका उत्पादकांना गिऱ्हाईक मिळतं, हे मान्य. पण ऊर्जा कमी म्हणून असं इंधन स्वस्त असावं, ही त्याच अहवालातली सूचना. दर मात्र त्या प्रमाणात उतरला नाही.

तोवर आपल्या हातात काय? गाडीचं मॅन्युअल उघडा, ती ई-२० साठी आहे का बघा. जुनी असेल तर रबरी पाइप, सील तपासून घ्या. आणि ॲव्हरेज वाढेल म्हणून नुसत्या ऑक्टेनच्या आकड्यावर जादा पैसे मोजू नका. तो आकडा ॲव्हरेजचा नाहीच.